जपान सरांनी विकत घेतलेला ठसा

जपान सर भाव करत नसत. दुकानात येत, वस्तू उचलत, किंमत विचारत. पटली तर देत, नाही पटली तर वस्तू जिथल्या तिथे ठेवून "बरं" म्हणत आणि निघून जात. वाचायला हे साधं वाटेल. पण ज्याचा सगळा धंदा भाव करण्यावर उभा आहे त्याच्यासमोर असा माणूस आला की काय होतं, ते मला विचारा. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी एक अडकित्ता उचलला. मी रीतीप्रमाणे दुपटीच्या जवळपास किंमत सांगितली. आता गिऱ्हाईक निम्म्यावर येणार, मी कपाळाला हात लावणार आणि मग आम्ही मध्ये कुठेतरी भेटणार, हे ठरलेलं. सर "बरं" म्हणून चालू लागले. मी पायरीपर्यंत जाऊन म्हणालो, "अहो, तुम्ही काय देता ते तरी बोला." ते म्हणाले, "वस्तू तुमची, किंमत तुम्हाला ठाऊक. मला कशी असणार?" दुसऱ्या दिवशी ते परत आले, तोच अडकित्ता उचलला आणि तोच प्रश्न विचारला. मी खरी किंमत सांगितली. त्यांनी पैसे दिले आणि गेले. माझा नफा जिथल्या तिथे होता, तरी दिवसभर आपल्याला कुणीतरी लुटल्यासारखं वाटत राहिलं.

माझा सरांवर राग आहे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, राग गेलेला नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल जे चांगलं लिहीन ते कुणाला खुशामत वाटणार नाही. मी सायकलच्या कॅरिअरला विळ्यांचा गठ्ठा बांधून करकंबच्या बाजारात विकण्यापासून सुरुवात केली. आज सोलापुरात माझं दुकान आहे, गोदाम आहे आणि जिल्ह्यात ऊसतोडीला जे कोयते चालतात त्यांतले बरेच माझ्याकडून जातात. मला कुणी काही फुकट दिलेलं नाही. त्यामुळे मीही कुणाला सहज सोडत नाही. तोंडाने मी तापट आहे, हे माझी गिऱ्हाइकंही सांगतील. सरांशी मात्र मला एकदाही भांडता आलं नाही.

ते इथल्याच एका शाळेत इतिहास शिकवत. पुस्तकात जपानवर दीड पान होतं आणि सर त्यावर दिवाळीपर्यंत बोलत. मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "दीड पान वाचूनच भागणार असेल तर पुस्तक पुरे आहे, मला पगार कशाला देता?" तेव्हापासून ते जपान सर. जपानला ते कधी गेले नाहीत, हैदराबादच्या पुढे त्यांचं जाणं झालं नव्हतं. पण जुन्या हजेरीपटांच्या मागच्या कोऱ्या पानांवर त्यांनी जपानी तलवारींची चित्रं चिकटवली होती आणि प्रत्येकीखाली बारीक अक्षरात माहिती लिहिली होती. घरात सुरी एकच, तीही बोथट.

निवृत्त झाल्यावर दर सोमवारी दुपारी ते दुकानात येऊन पत्र्याच्या पेटीवर बसत. माझ्याकडे येण्याचं कारण मी नव्हतो, कोयते होते. गठ्ठ्यातला एक कोयता काढत, उजेडात धरत, धारेवरून नजर फिरवत आणि परत खोवून ठेवत. कधी चांगला म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. मग बोलायला लागत. त्यांची गोष्ट बहुतेक वेळा एकच असे. जपानात एके काळी सरदार आपसांत लढायला लागले आणि ती लढाई शंभरावर वर्षं संपलीच नाही. बाप लढला, मुलगा लढला, नातू लढला. त्याआधी लोहार पोलादाला घडीवर घडी घालून एकेक तलवार करी, घोड्यावर बसणाऱ्या एखाद्या मानकऱ्यासाठी, लांब आणि बाकदार. लढाई लांबली तशी घोडी मागे पडली आणि पायी चालणाऱ्या शिपायांच्या फौजा आल्या. त्यांना कमरेला खोचून चटकन उपसता येईल अशी आखूड तलवार हवी होती, आणि हवी होती ती हजारांनी. बिझेन नावाच्या मुलखात लोहारांची गावंच्या गावं रात्रंदिवस घण घालू लागली. घड्या कमी झाल्या. तलवारी गठ्ठ्याने बांधून जाऊ लागल्या.

मी विचारलं, "म्हणजे तेजी आली की."

"आली. शंभर वर्षं टिकली."

"मग त्यात रडण्यासारखं काय आहे, सर?"

"रडत नाही मी. ती संपल्यावर काय झालं ते नंतर सांगतो."

सरांचं असंच होतं. गोष्टीचा नफा ते शेवटपर्यंत हातात धरून ठेवत.

एक गोष्ट त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितली, आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते. ते म्हणत, "लोहार बिघडले होते असं समजू नका, शेठ. त्याच भट्टीत, त्याच हाताने, त्याच वर्षी उत्तम तलवारही व्हायची. एखाद्याने खास सांगून करून घेतली तर लोहार जीव ओतायचा. आणि ओळखायची कशी, तर मूठ काढून. मुठीत जो भाग जातो त्यावर लोहार आपलं नाव कोरायचा. खास तलवारीवर पूर्ण नाव, घरगुती नावासकट, कधीकधी ज्याच्यासाठी केली त्याचंही. गठ्ठ्यातल्या तलवारीवर नुसतं गाव आणि घराण्याचं नाव, बास. काम जितकं कमी केलं तितकं नावही कमी केलं. खोटं नाही बोलले ते."

मी म्हणालो, "आमचा रज्जाक हेच करतो."

सर पेटीवरून उठले. त्यांना घाईने उठताना मी तेवढंच एकदा पाहिलं.

रज्जाकभाई शिकलगार मोहोळचे. माझ्या कोयत्यांतले चांगले कोयते त्यांच्या भट्टीतले. ट्रकच्या चाकांवरचे धक्के झेलणाऱ्या जुन्या कमानपाट्यांचं पोलाद, त्यांचा हात आणि पाणी पाजण्याची त्यांची नजर. पाणी पाजणं म्हणजे तापलेलं पातं ठरावीक क्षणी पाण्यात बुडवणं. तो क्षण चुकला की धार वळते, नाहीतर पातं काचेसारखं तुटतं. पुढच्याच बुधवारी मी सरांना मोहोळला नेलं. रज्जाकभाई दार लावून, खिडकीवर पोतं टाकून भर दुपारी अंधार करून बसले होते.

"लोखंडाचा रंग उजेडात खोटं बोलतो, सर," ते म्हणाले. "अंधारात खरा दिसतो."

"कोणता रंग आला की बुडवता?"

"डाळिंबाच्या दान्याचा. कच्च्या न्हाय, पिकल्या. जरा पुढं गेला की गेलं सगळं."

सर भट्टीपाशी वाकले. मग म्हणाले, "तिकडचे लोहार ठरावीक महिन्यातल्या चंद्राचा रंग सांगायचे."

"चंद्र तरी सगळ्यांना फुकट दिसतो," रज्जाकभाई म्हणाले. "डाळिंबं शेठसारख्यांनी महाग करून ठेवल्याती."

नंतर सरांनी दोन कोयते मागून घेतले. गठ्ठ्यातल्या कोयत्यावर छिन्नीने मारलेलं एक टिंब होतं. दुसऱ्या कोयत्यावर, इंदुबाई नावाच्या एका तोडकरणीसाठी केलेल्या, अक्षरं कोरली होती: रज्जाक, मोहोळ.

"हे दोन प्रकार का?" सरांनी विचारलं.

"मानूस ठावं असलं तर नाव घालतो. ठावं न्हाय त्याला टिंब."

"असं का पण?"

"ठावं असलेला मानूस उद्या दारात येतो की. त्याला तोंड दावावं लागतं. टिंबाला कोन इचारतंय?"

परतीच्या एसटीत सर खिडकीबाहेर बघत होते. जपानची गोष्ट पुढे काय झाली ते त्यांनी तेव्हा सांगितलं. लढाई संपत आली त्याच सुमाराला बिझेनमधल्या मुख्य लोहारगावाला नदीच्या पुराने गिळलं. उरलेले लोहार नव्या सरदारांच्या किल्ल्यांभोवती जाऊन बसले. पुढे लांबलचक शांतता आली. आता घाई नव्हती, हौशी गिऱ्हाईक होतं, पोलाद सगळीकडे एकसारखं मिळत होतं. या लोहारांनी सुंदर तलवारी केल्या, पण लढाईच्या आधीच्या जुन्या तलवारींसारखी करायला बसले की ती होईना. का होत नाही यावर विद्वान अजून भांडतात. सर म्हणाले, "वेळ आला, पैसा आला, गिऱ्हाईक आलं. हात आला नाही."

मी हे सगळं ऐकलं. पण व्यापाऱ्याचा कान वेगळा असतो. मला एवढंच ऐकू आलं की नाव घातलेल्या मालाची किंमत जास्त येते.

पुढच्या हंगामात ऊस अमाप होता. कारखान्यांची धुराडी एकाच वेळी पेटली, तोडणीच्या टोळ्या चहूकडून उतरल्या आणि कोयता मिळेना. माझ्यासमोरच्या दुकानदाराने कुठूनतरी यंत्रावर कापलेल्या पात्यांचे गठ्ठे आणून स्वस्तात लावले. मला काहीतरी वेगळं करायला हवं होतं. मी सोलापुरात एका कारागिराकडून पोलादी ठसा करून घेतला. एक घाव घातला की 'रज्जाक, मोहोळ' उमटणार, त्यांच्याच अक्षरासारखं. तो घेऊन मोहोळला गेलो आणि म्हणालो, या वर्षी टिंब नको, सगळ्यांवर नाव. माल नेहमीच्या चौपट, मुदत तीच.

रज्जाकभाईंनी ठसा हातात उलटसुलट करून पाहिला. "माजंच नाव हाय," ते म्हणाले, "आन मी लिवलेलं न्हाय."

"नाव तुमचंच मोठं होतंय. जिल्हाभर जाईल."

"एवढ्यांना पानी पाजायला नजर पुरायची न्हाय, शेठ. माजी दोन डोळं हायेत."

मग आम्ही भाव केला. मी वर्षभराचं काम दुसरीकडे नेईन म्हणालो. ते म्हणाले, न्या. मी दर थोडा वाढवला. त्यांनी ठसा परत माझ्यापुढे ठेवला. मी उठून दारापर्यंत गेलो. हे सगळं मी हजार वेळा केलेलं आहे. दारापर्यंत गेल्यावर माणूस हाक मारतो. त्यांनीही मारली. भट्टीवर पोट असलेली चार माणसं त्यांच्या हाताखाली होती, हे मला ठाऊक होतं. त्याच हिशोबाने मी उठलो होतो.

माल हातोहात गेला. समोरचा दुकानदार माश्या मारत बसला. आणि हंगाम निम्म्यावर आला तशी धार वळायला लागली. काही कोयते मुठीजवळ तुटले. दर वर्षी असं थोडंफार होतंच. टोळ्या मुकादमाला शिव्या घालतात, मुकादम मला घालतो, मी त्याला घालतो आणि हंगाम पुढे सरकतो. या वर्षी कुणी माझ्याकडे आलंच नाही. कोयत्यावर नाव होतं, गाव होतं. माणसं सरळ मोहोळला गेली. मी नंतर ऐकलं की त्यांनी आरडाओरडाही केला नाही. येत होती, दारात कोयता टाकत होती, जात होती. इंदुबाईही आली. तिच्या सुनेने या वर्षी नवा कोयता घेतला होता, नाव बघून. तो खाली ठेवून ती एवढंच म्हणाली, "तुज्या नावावर घेतला हुता, रज्जाकभाई."

त्या आठवड्यात त्यांनी भट्टी बंद केली. हायवेवर एका गॅरेजमध्ये ते ट्रकचे कमानपाटे बसवायला लागले. ज्या पाट्यांचे कोयते करायचे, तेच.

सोमवारी सर आले. मी स्वतःहून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. सांगताना मी तयारीत होतो. ते म्हणणार, तुम्ही त्या माणसाचं वाटोळं केलंत. मग मी म्हणणार, नावाची ती गोष्ट मला सांगितली कुणी? तुमच्या जपानातही गठ्ठेच विकले ना? आणि तुम्हाला माझ्यासारखी माणसांची पोटं चालवावी लागली असती तर कळलं असतं. सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती.

सरांनी विचारलं, "ठसा कुठे आहे?"

मी गल्ल्याखालून काढून दिला. त्यांनी चष्मा वर करून त्याच्यावरची उलटी अक्षरं वाचली.

"किती?" ते म्हणाले.

"काय किती?"

"याची किंमत."

माझं डोकं फिरलं. हा माणूस भांडतसुद्धा नाही, खरेदी करतो. मी तोंडाला येईल तो आकडा फेकला. त्या आकड्यात कोयत्यांचे दोन गठ्ठे आले असते. सर "बरं" म्हणाले, ठसा जिथल्या तिथे ठेवला आणि निघून गेले. मी हुश्श केलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला आणि ते यायला एकच गाठ पडली. वर्तमानपत्रात गुंडाळलेले पैसे त्यांनी गल्ल्यावर ठेवले. पेन्शनीत इतके पैसे कसे साठले असतील, हा विचार मला तेव्हा आला नाही. मी घेतले. का घेतले, ते मी पुष्कळदा शोधलं. राग होता, एवढंच सापडलं. त्यांनी ठसा रुमालात बांधला आणि ते पायरी उतरले. त्यानंतर ते दुकानात कधी आले नाहीत. पुढे त्यांना कात्री लागली तीसुद्धा त्यांनी समोरच्या दुकानातून घेतली, मी माझ्या गल्ल्यावरून पाहत होतो.

काही वर्षांनी ते पुण्याला मुलीकडे गेले. जाताना निरोप घ्यायला बाजारात बऱ्याच दुकानांत गेल्याचं कळलं. माझ्याकडे नाही. मग ते वारल्याची बातमी आली. मी त्या दिवशी दुकान उघडंच ठेवलं.

मोहोळला मी त्यानंतर महिन्याभराने गेलो. वेगळ्याच कामाला निघालोय, असं मी घरी सांगितलं. रज्जाकभाई ट्रकखालून बाहेर आले, हात पुसले आणि जणू काल भेटलो होतो तसे म्हणाले, "लई उशीर केला, शेठ. सर म्हनले हुते, येतील."

सर ठसा घेऊन त्याच दिवशी एसटीने त्यांच्याकडे आले होते. ठसा हातावर ठेवला आणि म्हणाले, तुमचं नाव तुमच्याकडे. मग एक कोयता करायला सांगितला. सावकाश करा म्हणाले, गिऱ्हाईक घाईत नाही.

"केलात?"

"व्हय. पाचवा जमला. पयले चार वाया गेले. आदी डोळ्याला रंग आपसूक कळायचा. पाटे बसवून बसवून ती नजर गेली. दर जुम्म्याला भट्टी पेटवून बगायचो." ते आत गेले आणि तेल लावलेल्या फडक्यातून कोयता काढून आणला. "आता परत सांगशीला तर व्हायचा न्हाय."

मी तो उजेडात धरला. सर धरायचे तसा. पात्यावर छिन्नीने कोरलेलं होतं: रज्जाक, मोहोळ. त्याच्याखाली माझं पूर्ण नाव.

"हे सरांनी घालायला सांगितलं?"

"म्हनले, कोयता शेठसाठी हाय, ज्याच्यासाठी केला त्याचं नाव पायजे. मी म्हनलो, शेठचं घालू? मी न्हाय घालनार. म्हनले, तुमाला ते मानूस ठावं हाय ना? म्हनलो, हाय की, चांगलंच ठावं हाय. म्हनले, मग घाला."

"आणि ठशाचं काय केलं?"

त्यांनी मुठीवरच्या जाड कड्यावर बोट ठेवलं. "ठोकून कडं केलं. पोलाद झकास हुतं त्याचं. तुमी त्यात कसर केली न्हवती."

मी किंमत विचारली. त्यांनी आकडा सांगितला. तो मी सरांना सांगितलेला आकडा होता, जसाच्या तसा. माझं तोंड सवयीने उघडलं. निम्म्यावरून सुरुवात करायची, मग दारापर्यंत जायचं. रज्जाकभाई माझ्याकडे बघत उभे होते, त्यांच्या मागे एक ट्रक अर्धा उचललेला होता.

मी "बरं" म्हणालो. पैसे तेवढे जवळ नव्हते. दुसऱ्या दिवशी परत गेलो, दिले आणि कोयता घेऊन आलो.

तो गल्ल्यामागे टांगलेला आहे. मुकादम येतात, बघतात, किंमत विचारतात. त्यांच्यात जे जुने आहेत ते नाव वाचतात आणि किंमत विचारायची सोडून देतात. यंत्रं आता ऊस तोडायला लागली आहेत, आणखी काही वर्षांनी कोयताही कुणी विचारणार नाही. सर असते तर पेटीवर बसून म्हणाले असते की आता शांतता येतेय.

राग मात्र आहे. त्या दिवशी सरांनी नुसतं "थोडं कमी करा" म्हटलं असतं, तर मी तो ठसा फुकट दिला असता. हे त्यांना ठाऊक होतं, असा माझा संशय आहे.